एकवीस नंबरचा लॅपटॉप

नागपूरच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीने आमच्या शाळेला लॅपटॉप दिले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती संगणक कक्षातल्या सॉकेटांची. अर्ध्या सॉकेटांना करंट नव्हता. मुख्याध्यापक सर गेटवर कंपनीच्या लोकांना गुच्छ देत होते आणि मी वायरमनला फोन लावत होते.

मी नंदनवनातल्या शाळेत गणित आणि संगणक शिकवते. संगणक शिकवते म्हणजे प्रिंटरमधला अडकलेला कागदही काढते आणि पोषण आहाराची माहितीही ऑनलाइन भरते. नवीन मशीन म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं. आधीचे डेस्कटॉप आले होते तेव्हा दिवाळीची सगळी सुटी त्यांच्यात गेली होती. एकेका मशीनला पेनड्राइव्ह लावा, विंडोज टाका, मराठी फॉन्ट टाका, पासवर्ड द्या आणि पुढच्याला तेच पहिल्यापासून. त्यामुळे हे खोके पाहून मी मनाशी येत्या सुटीवरही पाणी सोडलं.

कंपनीने मदतीला एक इंजिनिअर मुलगी दिली होती. ती तिच्या ऑफिसात बसून फोनवर सांगणार आणि मी इथे करणार.

"मॅम, एक खोका उघडा. चालू करा. वायफाय द्या. मग हात काढून घ्या."

"हात काढून घ्या म्हणजे?"

"म्हणजे काहीच करू नका."

मी काहीच केलं नाही. मशीन चालू झालं, वायफायचा पासवर्ड मागितला, तो दिला. पडदा काळा झाला. शिपाईभाऊ खोके कापायला बसले होते, तेही उठून मागे उभे राहिले. मग पडद्यावर अक्षरं आली. आमच्या शाळेचं पूर्ण नाव, संस्थेच्या नावासकट, आणि खाली 'स्वागत आहे'.

मशीन खोक्यातून निघून पाच मिनिटंही झाली नव्हती. आम्ही त्यात एक अक्षर टाइप केलं नव्हतं.

"याले कोणं सांगतलं आपल्या शाळेचं नाव?" भाऊंनी विचारलं.

फोनवरच्या मुलीने सांगितलं. प्रत्येक लॅपटॉपच्या पोटाखाली कारखान्यात छापलेला एक लांबलचक नंबर असतो. ते सगळे नंबर तिने आधीच आमच्या शाळेच्या नावावर चढवून ठेवले होते. मशीनला इंटरनेट मिळालं की ते आधी विचारतं, मी कोणाचं? उत्तर मिळतं, नागपूरच्या अमुक शाळेचं. मग ते त्या शाळेचे नियम, फॉन्ट, पुस्तकं स्वतःच उतरवून घेतं.

मी ते भाऊंना सांगितलं.

"म्हणजे पोरगं जन्माले आलं अन् आल्याआल्या आपलं आडनाव सांगतलं, असं झालं हे त."

"तसंच."

"बापा," ते म्हणाले आणि पुढचा खोका कापायला बसले.

मला भुलवणं सोपं नाही. पण त्या दुपारी एकेक पडदा काळा होऊन आमच्या शाळेचं नाव दाखवत गेला आणि मी डबा खायचा विसरले, हे खरं आहे. माझ्या स्वतःच्या मशीनवर एक पॅनल उघडलं होतं. नोंद झालेला प्रत्येक लॅपटॉप त्यावर एका ओळीत येत होता. एकावर टिचकी मारली की चार्जिंग किती, काय चालू आहे, सगळं दिसे. इथून मराठी कळफलक पाठवला की तिकडे तो लागे. मी सगळ्या मशीनांवर एकाच वेळी निळा पडदा पाठवून पाहिला. कक्षातले सगळे लॅपटॉप, कोणाचाही हात न लागता, निळे झाले. गरज काहीच नव्हती. पुन्हा हिरवे करून पाहिले.

पॅनलवर प्रत्येक मशीनला नाव द्यायचं असतं. मी नंबर दिले. तेच नंबर छापून झाकणांवर चिकटवले आणि दहावीच्या वर्गाला हजेरी क्रमांकाप्रमाणे वाटून दिले. एक नंबरच्या मुलाला एक नंबरचं मशीन. यात डोकं चालवावं लागत नाही आणि भांडणं होत नाहीत.

एकवीस नंबरची मुलगी आंधळी होती.

ती पाचवीपासून आमच्याकडे होती. वडील कोराडीच्या वीज प्लँटवर ठेकेदाराकडे कामाला, पहाटेच्या बसने जायचे. आई तिला शाळेत सोडायची आणि घ्यायला यायची. अभ्यासात चांगली, बोलण्यात त्याहून चांगली. परीक्षेला तिला लेखनिक मिळायची, म्हणजे ती सांगेल ते लिहून देणारी खालच्या वर्गातली एखादी मुलगी. नियमच तसा आहे. त्या वर्षी नववीतली एक शांत पोर तिची लेखनिक होती. अक्षर सुंदर, पण लिहिणं सावकाश.

मी तिची वर्गशिक्षिकाही होते. घटक चाचणीचा मराठीचा पेपर परत देताना मी तिला म्हटलं होतं, "निबंध अर्धाच काहून सोडला वं? बोलायले बसली का तुला थांबवता येत नाही."

"मी नाही सोडला, मॅडम. तिचा हात दुखतो, तिथे माझा निबंध संपते."

"मग सांगायचं ना तिला."

"सांगतो. ती म्हणते, झालं ना आता, ताई? मग मी म्हणतो, झालं."

ती हसली. मी हसले नाही. या मुलीचा एकही पेपर आम्ही आजवर तपासलाच नव्हता, दुसऱ्याच्या हाताचा दम तपासला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माझं मशीन या नंबरांत नव्हतं. त्यावर मी स्क्रीन रीडर टाकून घेतला. पडद्यावर जे असेल ते हा मोठ्याने वाचून दाखवतो आणि आपण जे टाइप करू तेही बोलून दाखवतो. मुलीला समोर बसवलं. टायपिंग ती आधीच शिकली होती, तिच्या मावसभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर. तिने पहिलं काम केलं ते आवाजाचा वेग वाढवण्याचं. मग आणखी. मग आणखी. शेवटी त्या आवाजाचं बोलणं राहिलंच नाही, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी एक सरसर राहिली. मला त्यातला एकही शब्द लागत नव्हता.

"हे तुला समजतं?"

"तुम्ही सगळे फार हळू बोलता, मॅडम," ती म्हणाली. "सवय केली मी तुमची."

वीस-बावीस वर्षं मी या लेकरांना हळू बोला, स्पष्ट बोला, म्हणत आले. या पोरीच्या कानात एक आख्खी आगगाडी धावत होती आणि ती आमच्याबरोबर पायी चालत होती. मी तिच्याकडे पाहत बसले. तिला ते दिसत नव्हतं हे बरंच होतं.

सहामाहीचा मराठीचा पेपर तिला स्वतः लिहू द्यावा, असं मी सरांपुढे मांडलं. सर वाईट नाहीत, पण सरांना कागदाची सवय आहे.

"अन् त्या लॅपटॉपमधून तिनं इंटरनेटवर पाहून उत्तरं लिहिली तर?"

"मशीन कुलूपबंद करता येतं, सर. त्यात फक्त प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका. बाकी काहीच उघडत नाही."

"काहीच म्हणजे?"

"बंद करायचं बटणही चालत नाही."

सरांनी विचार केला. मग अट घातली. कुलूप परीक्षेच्या दिवशी सकाळीच लागलं पाहिजे, ते लागलं आहे हे ते स्वतः तपासतील आणि लेखनिक पोर शेजारी तयार बसेल. अकराच्या घंटेला मशीन चाललं नाही तर ती पेन उचलेल. "सहामाहीत जमलं तर बोर्डाकडे परवानगी मागू. नाही जमलं तर मॅडम, मार्चमध्ये लेखनिकच. मग माझ्याकडे पुन्हा येऊ नका."

मी मुलीला हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "मशीनले सांगा, माझी इज्जत ठेव."

पेपर सोमवारी होता. त्याआधी शनिवारी दसरा आला. शाळेत पाटीपूजन आदल्या दिवशी होतं. त्या दिवशी मी दरवर्षी रजा घेते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायला आमच्याकडे मराठवाड्यातून पाहुणे येतात, आदल्या दिवसापासून घरात पाय ठेवायला जागा नसते आणि वस्तीतल्या भोजनदानाच्या भाज्या माझ्या अंगणात चिरल्या जातात. दोन दिवस मी पोळ्या, पाणी आणि हरवलेल्या चपला याखेरीज कशाचा विचार केला नाही. रविवारी पाहुण्यांना बसवर बसवलं आणि रात्री कुलूप, स्क्रीन रीडर, प्रश्नपत्रिका असं सगळं एका गठ्ठ्यात बांधून पॅनलवर तयार ठेवलं. सोमवारी सकाळी फक्त एकवीस नंबरला पाठवायचं होतं.

सोमवारी शाळेत लवकर पोचले. सगळे लॅपटॉप कपाटात ओळीने लावलेले, झाकणं लखलखीत पुसलेली, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट. एकवीस नंबर काढला, मुलीसमोर ठेवला, चालू केला. लेखनिक पोर शेजारी पेनचं टोपण काढून बसली होती. मी माझ्या मशीनवर गेले आणि गठ्ठा पाठवला.

पॅनलवर एकवीससमोर चक्र फिरायला लागलं. मग हिरवी खूण. पूर्ण.

"बोलतंय?" मी विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली.

पडदा जसाच्या तसा होता. वाट पाहिली. पुन्हा पाठवलं. पुन्हा हिरवी खूण. मशीन मुकंच. इंजिनिअर मुलीला फोन लावला. ती रिक्षात होती.

"मॅम, मी मोबाइलवर पाहते आहे. मशीनने ऑर्डर घेतली. लॉक लागलं आहे. पेपर उघडला आहे."

"मी मशीनसमोर उभी आहे. काही उघडलेलं नाही."

"मॅम, पण ते म्हणतंय की उघडलं."

"कोण म्हणतंय?"

"मशीन."

मुलगी दोन्ही हात कळफलकावर ठेवून बसली होती. तिला घड्याळ दिसत नव्हतं, पण व्हरांड्यातली मुलं वर्गात शिरायला लागली ते कळत होतं. तिने हात मांडीवर घेतले.

"मॅडम, राहू द्या," ती म्हणाली. "तिचा हात आता बरा आहे. हो ना वं?"

लेखनिक पोरीने पेनचं टोपण पुन्हा लावलं. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की तिलाही ते पेन नको होतं.

तेवढ्यात शिपाईभाऊ दारात आले.

"मॅडम, चला बरं जरा. साहेबाच्या खोलीत एक बाई बोलून राहिली."

"कोण बाई?"

"थेच त. आवाज हाय, बाई नाही."

मी धावले नाही, पण चाललेही नाही. सरांच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. सर टेबलापलीकडे, हातात चष्मा. समोर लॅपटॉप उघडा आणि त्यातून एक स्वच्छ बायकी आवाज खोलीभर घुमत होता, "प्रश्न पहिला. अ. पुढील उतारा वाचून सूचनेप्रमाणे कृती करा."

"मॅडम, माझं पत्र टाइप करून राहिलो होतो मी," सर म्हणाले. "मधेच हे आलं. मी किती वेळचा बाहेर निघायचा प्रयत्न करतोय. सगळी बटणं दाबली. बंदही होत नाही."

लॅपटॉपच्या झाकणावर चार नंबर होता. मी तो उलटा केला आणि पोटाखालचा छापील नंबर वाचला. पॅनलवरच्या एकवीसचा.

"हा तुमच्याकडे कसा, सर?"

"माझा जुना बिघडला. पूजेच्या दिवशी भाऊंना म्हटलं, एक द्या."

मी भाऊंकडे वळले. "भाऊ, या झाकणांवरचे नंबर तुम्ही काढले होते?"

"हो. पूजेले बसवाचं म्हणजे आंगावर कागद चिकटवून बसवतात का? आमच्या घरी माग होता. बाप दसऱ्याले माग असा पुसे का सुताचा एक तुकडा राहू नाही. मी सगळे नंबर हळूच काढले, काचेवर लावून ठेवले. एक फाटला नाही."

"आणि मग?"

"मग पूजा झाल्यावर पुन्हा चिकटवले. एकापासून ओळीनं. एक नंबर हरवला नाही, मॅडम, मोजून घ्या." त्यांचा आवाज दुखावलेला होता.

नंबर सगळे होते. फक्त ज्याचा त्याच्यावर नव्हता. भाऊंनी चिठ्ठ्या एकापासून क्रमाने लावल्या होत्या आणि मशीनं पूजेच्या ओळीत जशी हाती आली तशी. भाऊंच्या हिशेबी एकवीस म्हणजे एकविसाव्या जागी जो असेल तो. पॅनलच्या हिशेबी एकवीस म्हणजे जन्मल्या दिवसापासून जो होता तो आणि त्याच्यावर कोणी काय चिकटवलं याचं त्याला देणंघेणं नव्हतं. मी कक्षातून हाक मारली होती. चिठ्ठी बदललेली, खोली बदललेली, समोर माणूस दुसरा, तरी ज्याला हाक होती त्यानेच ओ दिली होती. दोन भिंती आणि एक जिना पलीकडे.

मी एवढंच म्हणाले, "भाऊ, उचला हा."

"थांबा," सर म्हणाले. "माझं पत्र?"

"पत्र आत आहे, सर. पेपर संपला की कुलूप निघेल. आणि तुमची अट होती ना, तुम्ही स्वतः तपासाल म्हणून?"

सरांनी चष्मा लावला. शेवटचं एकदा बटण दाबून पाहिलं. आवाज म्हणाला, "प्रश्न पहिला. अ."

"पक्कं आहे," सर म्हणाले. ते हसले नसते तर मला बरं वाटलं असतं, कारण मग मीही हसले आणि त्यात अर्धं मिनिट गेलं.

भाऊंनी तो लॅपटॉप दोन्ही तळव्यांवर घेतला, आरतीचं ताट घेतात तसा, आणि व्हरांड्यातून निघाले. तो सगळ्या वाटेने उतारा वाचत होता. मी मागून "आवाज दाबा, भाऊ, आवाज दाबा" म्हणत होते. भाऊंना आवाज कुठे दाबतात ते माहीत नव्हतं. शेवटी मी चालताचालता इअरफोनची पिन खुपसली आणि व्हरांडा एकदम शांत झाला.

अकराची घंटा झाली तेव्हा इअरफोन मुलीच्या कानात होता. तिने वेग वाढवला. आणखी वाढवला. मग मान एका बाजूला कलती केली आणि बोटं चालायला लागली.

मी पर्यवेक्षक म्हणून समोर बसले. लेखनिक पोरीला म्हटलं, जा तू तुझ्या वर्गात. ती गेली नाही, दाराशी उभी राहून पाहत राहिली. पाहण्यासारखं फार काही नव्हतं. एक मुलगी टाइप करत होती. पण मी या मुलीला पाचवीपासून ओळखत होते आणि तिला काम करताना आज पहिल्यांदा पाहत होते. आजपर्यंत परीक्षेत ती सांगायची आणि थांबायची. सांगायची आणि दुसऱ्याच्या पेनाची वाट पाहायची. आज थांबणं नव्हतंच. मधे एकदा खळखळून हसली. निबंधात काय लिहिलं असेल कोण जाणे.

तिला नियमाप्रमाणे जास्तीचा वेळ होता. बाकीचे वर्ग सुटले, व्हरांड्यात गडबड झाली, ओसरली. सर एकदा खिडकीशी येऊन गेले. बोटं थांबली.

"झालं?" मी विचारलं.

"लिहून झालं. वेळ आहे का, मॅडम?"

"आहे. पण झालं असेल तर दे. आई गेटवर उभी आहे."

"आईले थांबू द्या." तिने इअरफोन नीट बसवला. "मी ऐकून घेतो."

"काय?"

"माझा पेपर. मी माझा पेपर कधी वाचलाच नाही, मॅडम. मी सांगायचो, ती लिहायची, तुम्ही घेऊन जायच्या."

तिने कर्सर अगदी वर नेला. कानात ती सरसर सुरू झाली असणार. मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त चेहरा पाहत होते. एका जागी तिने मान हलवली, हो म्हणून. एका जागी ओठ मुडपले. मग एकदम थांबली, मागे गेली, तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला आणि पुन्हा.

"हे काहीच्या काही लिहिलं मी," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने ते आख्खं वाक्य पुसून टाकलं आणि नवीन लिहायला घेतलं.